सॉल्व्हरला सुरुवात कुठून करून द्यायची? जॅकेटवाल्या रिॲक्टरच्या निमित्ताने

नमस्कार.

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. जॅकेट, म्हणजे थंड करणारं बाहेरचं आवरण असलेल्या सतत ढवळत्या टाकीचं, म्हणजे सीएसटीआर या रिॲक्टरचं मॉडेल तुम्ही पायोमो या पायथनच्या मॉडेलिंग लायब्ररीत लिहिलंय आणि आयपॉप्ट या समीकरणं सोडवणाऱ्या प्रोग्रॅमने, म्हणजे सॉल्व्हरने, सोडवताय. आकडे पाठ्यपुस्तकांत नेहमी दिसणारेच आहेत. टाकी १०० लिटर, फीड मिनिटाला १०० लिटर, फीडचं तापमान ३५० केल्विन, कॉन्सन्ट्रेशन लिटरला १ मोल. रिॲक्शन फर्स्ट ऑर्डर आणि उष्णता सोडणारी, मोलमागे ५०,००० जूल. पुढे जॅकेटचं तापमान मोकळं सोडून ऑप्टिमायझेशन करायचंय, पण सध्या ते ३०० केल्विनला बांधून नुसतं मॉडेल तपासताय.

रिॲक्टरच्या तापमानाला सुरुवातीची किंमत न देता चालवलं, तर अवैध संख्या सापडली असं सांगून सॉल्व्हर पहिल्याच पावलाला थांबला. २८० ते ४५० अशी मर्यादा घातल्यावर चालला आणि १२ टक्के कन्व्हर्जन, म्हणजे फीडमधला रिॲक्शन होऊन गेलेला भाग, आलं. ४०० ही सुरुवात दिल्यावर ७९ टक्के आलं. आणि तेच ७९ टक्क्यांचं उत्तर पुन्हा सुरुवात म्हणून दिलं, तरी इटरेशन्स, म्हणजे सॉल्व्हरच्या फेऱ्या, फारशा कमी झाल्या नाहीत. यातली 'बरोबर' सुरुवात कोणती, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते इथे तीन प्रश्न एकात एक गुंतलेत. तुम्ही दिलेली सुरुवात सॉल्व्हरपर्यंत पोहोचली का? पोहोचली असेल तर ती शहाणपणाची होती का? आणि तिसरा, ज्याचा सॉल्व्हरशी तसा संबंधच नाही: तुमच्या रिॲक्टरला मुळात किती उत्तरं आहेत? कितीतरी वर्षं प्रोसेस मॉडेलिंग करताना मी बहुतेकांना पहिला प्रश्न वगळून थेट ऑप्शन्स बदलत बसलेलं पाहिलंय. म्हणून पहिल्यापासूनच सुरुवात करू.

तुम्ही किंमत दिली नाहीत, याचा अर्थ सॉल्व्हरने स्वतः विचार करून एखादी निवडली असा होत नाही. पायोमोत व्हेरिएबलला किंमत नसेल, तर आयपॉप्टकडे जाणाऱ्या फाइलमध्ये ती जातच नाही आणि तिथे शून्य धरलं जातं. जॅम्प आणि गॅम्स या मॉडेलिंगच्या इतर साधनांमध्येही न दिलेली किंमत बहुतेक वेळा शून्य, नाहीतर शून्याला सर्वांत जवळची मर्यादा, अशीच धरली जाते. एक्सेलच्या सॉल्व्हरची सुरुवात म्हणजे त्या क्षणी सेलमध्ये जे असेल ते, आणि रिकामा सेल म्हणजे शून्य. तुमच्या मॉडेलमध्ये आऱ्हेनियसचं, म्हणजे तापमानावरून रिॲक्शनचा वेग ठरवणारं पद आहे, त्यात ८७५० भागिले तापमान. तापमान शून्य, म्हणजे शून्याने भागाकार. पहिला रन म्हणून पडला. त्यात आयपॉप्टचा काही दोष नाही.

मग मर्यादा घातल्यावर कसा चालला? आयपॉप्ट इंटीरियर पॉइंट पद्धतीचा आहे, त्याला मर्यादेच्या आत उभं राहूनच सुरुवात करावी लागते. सुरुवात मर्यादेवर किंवा बाहेर असेल तर तो ती आत ढकलतो. किती आत, याचा हिशेब ठरलेला आहे: मर्यादेच्या आकड्याचा १ टक्का आणि दोन मर्यादांमधल्या अंतराचा १ टक्का, यांतलं जे लहान ते. हे डिफॉल्ट झालं. ऑप्शनचं नाव बाउंड_पुश, आणि त्याचा जोडीदार बाउंड_फ्रॅक. तुमच्याकडे २८० चा १ टक्का २.८, आणि १७० चा १ टक्का १.७. म्हणजे तुमचा दुसरा रन २८१.७ केल्विनपासून सुरू झाला. तो आकडा तुम्ही कुठेही लिहिलेला नाही. तुम्ही केवळ काळजी म्हणून घातलेल्या खालच्या मर्यादेने तुमची सुरुवात ठरवली, आणि त्या सुरुवातीने तुमचं १२ टक्के ठरवलं.

सगळे सॉल्व्हर असं आत ढकलत नाहीत. मॅटलॅबचा एफमिनकॉन इंटीरियर पॉइंटमध्ये बाहेरचा बिंदू आत आणतो, एसक्यूपी या दुसऱ्या पद्धतीत मर्यादेवर ठेवतो. एनएलऑप्ट ही लायब्ररी सरळ एरर देऊन परत पाठवते. मला विचाराल तर एनएलऑप्टचं वागणं जास्त प्रामाणिक आहे, कारण चूक तुम्हाला तिथेच कळते.

प्रत्यक्षात कुठून सुरुवात झाली हे बघायची सोपी युक्ती सांगतो. मॅक्स_इटर शून्य ठेवून एकदा चालवा. आयपॉप्ट इटरेशनची मर्यादा संपली म्हणेल आणि आत ढकललेला बिंदू जसाच्या तसा परत देईल. तो छापा आणि तुम्ही दिलेल्या आकड्यांशेजारी ठेवा. दोन्ही जुळत नसतील, तर बाकीचं काहीही करण्याआधी ते जुळवा. त्याच लॉगमध्ये शून्याव्या ओळीत इन्फ_पीआर नावाचा कॉलम असतो. सुरुवातीच्या बिंदूला समीकरणं सर्वांत जास्त किती मोडतात, तो तो आकडा. तुमच्याकडे तो काही लाखांत किंवा कोटींत असेल. एनर्जी बॅलन्स, म्हणजे उष्णतेच्या हिशेबाचं समीकरण, तुम्ही जूलमध्ये लिहिलाय म्हणून.

हा मोठा आकडा नुसता दिसायला वाईट असता तर सोडून दिलं असतं. पण इथे एक गोष्ट आहे जी फारसं कोणी सांगत नाही. आयपॉप्ट समीकरणांचं स्केलिंग आपोआप करतो, आणि ते सुरुवातीच्या बिंदूवरच्या ग्रेडियंटवरून, म्हणजे व्हेरिएबल थोडं हललं तर समीकरण किती बदलतं त्यावरून, एकदाच ठरवतो. ज्या समीकरणाचा सर्वांत मोठा ग्रेडियंट १०० च्या वर, ते तेवढ्या प्रमाणात लहान करतो. तुमच्या एनर्जी बॅलन्सचा २८१.७ ला सर्वांत मोठा ग्रेडियंट ७३,९०० च्या आसपास आहे. ४०० ला तोच सुमारे ११ कोटी ४० लाख होतो, कारण तिथे रिॲक्शनचा वेग जवळजवळ दहा हजार पट आहे. म्हणजे दोन रन्समध्ये त्याच समीकरणाला दिलेलं वजन दीड हजार पटीने वेगळं. म्हणून सुरुवातीचा बिंदू हा सॉल्व्हरला नुसता रस्ता दाखवत नाही, तो कोणती मोजपट्टी वापरायची हेही ठरवतो. सुरुवात वाईट असेल तर पुढचा सगळा प्रवास त्या वाकड्या मोजपट्टीने होतो.

आता दुसरा प्रश्न, शहाणपणाची सुरुवात. माझी पद्धत अशी की सॉल्व्हर उघडण्याआधी कागदावर दहा मिनिटं घालवायची. तुमच्या मास बॅलन्सवरून, टाकीत जेवढं खपतं तेवढाच फीड आणि आउटलेट यांच्यातला फरक. ते एनर्जी बॅलन्समध्ये ठेवलंत, की एक्स्पोनेन्शियल तिथून पूर्ण निघून जातं. फीड दर केल्विनला मिनिटाला २३,९०० जूल नेतं, जॅकेट ५०,००० नेतं, मिळून ७३,९००. सगळं त्याने भागलं की उरतं ते सरळ रेषेचं समीकरण: तापमान बरोबर ३१६.२ अधिक ६७.७ गुणिले कन्व्हर्जन. ३१६.२ म्हणजे ३५० चं फीड आणि ३०० चं जॅकेट यांची वजनानुसार सरासरी, काहीच रिॲक्शन झाली नाही तर टाकी जिथे स्थिरावेल ते तापमान.

या एका ओळीकडे नीट बघा. कन्व्हर्जन शून्य ते एक, म्हणून तापमान ३१६.२ ते ३८३.८. याबाहेर तुमचा रिॲक्टर स्टेडी स्टेटला, म्हणजे वेळेसोबत काहीच बदलत नाही अशा अवस्थेत, असूच शकत नाही. तुमच्या दोन्ही सुरुवाती, २८१.७ आणि ४००, या पट्ट्याच्या बाहेर होत्या. मर्यादा २८० ते ४५० ठेवण्याऐवजी इथून घ्या. जॅकेट पुढे २९० ते ३१० मोकळं सोडणार असाल, तर हाच हिशेब ३०९.४ ते ३९०.६ देतो.

उरलेलं समीकरण, मास बॅलन्स, मी लॉगमध्ये लिहितो: कन्व्हर्जनचा लॉग, वजा उरलेल्या भागाचा लॉग, बरोबर २५ वजा ८७५० भागिले तापमान. तुमचा प्री-एक्स्पोनेन्शियल, म्हणजे वेगाच्या सूत्रातला पुढचा गुणक, ७.२ गुणिले १० चा दहावा घात आहे, त्याचा नैसर्गिक लॉग जवळजवळ नेमका २५. मूळ रूपात वेग शून्याजवळ चिकटलेला किंवा अचानक उसळलेला असतो. लॉगच्या रूपात तो गुळगुळीत होतो आणि न्यूटनची पावलं बेताची पडतात. अट एवढीच, की कन्व्हर्जनला ०.००१ ते ०.९९९ अशी मर्यादा द्या, नाहीतर शून्याच्या लॉगवर तीच जुनी रडकथा.

आता सुरुवातीला अंदाज फक्त एका गोष्टीचा करायचा आहे, तापमानाचा. बाकीचं त्यावरून काढा, वेगळं सुचवू नका. समजा तापमान ३७० धरलं. वेगाचा स्थिरांक ३.८६ येतो, म्हणून उरलेलं कॉन्सन्ट्रेशन १ भागिले ४.८६, म्हणजे ०.२०६. दोन्ही मिळून द्या. लोक तापमान ३७० देतात आणि कॉन्सन्ट्रेशनला फीडचंच १ ठेवतात. मग सुरुवातीलाच दोन आकडे एकमेकांशी भांडत असतात आणि सॉल्व्हरची पहिली काही पावलं ते भांडण मिटवण्यातच जातात. मोठ्या मॉडेलमध्येही नियम हाच. ज्या चारदोन गोष्टींचा अंदाज तुम्हाला अनुभवाने आहे त्या धरा, बाकीच्या शंभर समीकरणांतून एकामागून एक काढत जा. जे व्हेरिएबल मोकळं सोडायचंय ते आधी बांधून ठेवा, नुसतं सिम्युलेशन जुळवा, आणि ते जुळल्यावर गाठ सोडा. तुम्ही जॅकेट ३०० ला बांधून तपासताय, हा क्रम अगदी योग्य आहे. तो सोडू नका.

एक छोटी गोष्ट जाता जाता. पुढे फ्लोही व्हेरिएबल करणार असाल, तर फ्लो गुणिले कॉन्सन्ट्रेशन असं पद येईल. त्यातले दोन्ही शून्यावरून सुरू केले तर गुणाकाराचा ग्रेडियंटही शून्य, आणि त्या पदाकडून सॉल्व्हरला कुठल्या बाजूला सरकावं याचा काहीच इशारा मिळत नाही. असल्या पदांत शून्य कधीच देऊ नका.

आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने हाच खरा. कागदावरच्या त्या दोन ओळी एकत्र सोडवल्या, तर तुमच्या रिॲक्टरला जॅकेट ३०० असताना तीन उत्तरं आहेत. पहिलं ३२४.५ केल्विन, कन्व्हर्जन १२ टक्के. दुसरं ३५० केल्विन, ५० टक्के. तिसरं ३६९.७ केल्विन, ७९ टक्के. तिन्ही समीकरणांत बसतात, आणि तिन्हींना आयपॉप्ट तितक्याच खुशीने 'उत्तम उत्तर सापडलं' म्हणेल. उष्णता सोडणाऱ्या रिॲक्टरला असं एकापेक्षा जास्त स्टेडी स्टेट असणं जुनं माहीत आहे. व्हॅन हीर्डेन यांनी १९५३ मध्ये निर्माण होणाऱ्या आणि काढून घेतल्या जाणाऱ्या उष्णतेचे आलेख एकमेकांवर ठेवून ते दाखवलं होतं. त्यामुळे तुम्हाला दिसलेला फरक सॉल्व्हरचा लहरीपणा नाही. तुमची सुरुवात या तिघांपैकी कोणाच्या अंगणात पडते, त्यावर उत्तर ठरतंय.

मग ७९ टक्के जास्त आहे म्हणून तेच घ्यायचं? इथे मी तुम्हाला हात धरून थांबवीन. मधलं ३५० चं उत्तर तर टिकणारंच नाही: तिथे तापमान १ केल्विन वाढलं तर वाढलेली रिॲक्शन ते १.२ केल्विनने वर ढकलू पाहते. टाकी तिथून निसटून वर किंवा खाली जाते. ३६९.७ ला तोच आकडा ०.७२ येतो, १ पेक्षा कमी, म्हणून वरवर ते सुरक्षित वाटतं. पण ही परीक्षा अर्धीच आहे. वेळेसोबत बदलणारी मूळ दोन समीकरणं त्या बिंदूजवळ रेषीय करून पाहिली, तर तिथलाही ट्रेस (त्या रेषीय समीकरणांच्या मॅट्रिक्सच्या कर्णावरच्या संख्यांची बेरीज; स्थिरतेसाठी ती ऋण हवी) धन येतो, सुमारे २.७. म्हणजे कंट्रोलरशिवाय तो रिॲक्टर तिथे स्थिर राहत नाही. तापमान वरखाली डोलत राहतं, आणि ते डोलणं वाढत जातं. जॅकेट ३०० ला नुसतं सोडून दिलं, तर तिघांपैकी खऱ्या अर्थाने स्थिर एकच, १२ टक्क्यांचं. ७९ टक्क्यांवर चालवता येतं, पण त्यासाठी चांगला कंट्रोल लूप लागतो. तो निर्णय प्लांट चालवणाऱ्या माणसांनी डोळे उघडे ठेवून घ्यायचा असतो. सुरुवातीची किंमत ४०० टाइप केली म्हणून तो आपोआप घेतला जाता कामा नये. उष्णता सोडणाऱ्या रिॲक्शनमध्ये मी या बाबतीत हट्टी आहे.

म्हणून 'बरोबर सुरुवात कोणती' याचं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. प्लांट सुरू करताना तो थंड बाजूने कुठे स्थिरावेल हे हवं असेल, तर ३२० च्या आसपास सुरू करा. गरम बाजूची शक्यता तपासायची असेल तर ३७० पासून. आणि काहीच माहीत नसेल, तर ३१६ ते ३८४ मध्ये वीसेक तापमानं समान अंतराने घ्या, प्रत्येकाला जुळणारं कॉन्सन्ट्रेशन काढा, वीस रन करा आणि वेगवेगळी उत्तरं किती येतात ते मोजा. मोठ्या मॉडेलमध्ये यालाच मल्टीस्टार्ट म्हणतात. पण तिथेही आंधळेपणाने सगळे व्हेरिएबल यादृच्छिक करू नका. जे धरायचे तेवढेच बदला.

याला जोडूनच पायोमोचा एक सापळा. रन झाला की उत्तर व्हेरिएबलमध्येच बसतं आणि पुढच्या रनची सुरुवात आपोआप तिथून होते. एका प्रकल्पात आम्ही जॅकेटचं तापमान लूपमध्ये २९० पासून ३१० पर्यंत चढवत टेबल बनवलं होतं. सहकाऱ्याने तोच लूप उलटा, ३१० पासून खाली चालवला. दोन टेबलं मध्ये जुळेनात आणि दोघांचाही एकमेकांच्या कोडवर संशय. तुमच्या आकड्यांवरही हेच होईल: २९० ला फक्त थंड उत्तर आहे, ३१० ला फक्त गरम. चढताना ३०० ला तुम्हाला ३२४.५ मिळेल, उतरताना ३६९.७. खऱ्या रिॲक्टरमध्येही कुठल्या बाजूने आलो यावर उत्तर ठरतं (गरम बाजूला टिकायला वर सांगितलेला कंट्रोल लूप लागू शकतो, एवढंच), म्हणून दोन्ही टेबलं आपापल्या परीने खरी होती. पण कुठल्या बाजूने आलो हे टेबलाच्या वर लिहिलेलं नव्हतं, ती चूक होती. शिवाय मधला एखादा रन फसला, तर त्याचं अर्धवट उत्तरही पुढच्या रनला सुरुवात म्हणून जातं आणि रांगेने पुढचे पडत जातात. मी आता प्रत्येक रनच्या आधी सुरुवातीच्या किमती मुद्दाम पुन्हा भरतो, आणि मागच्याच वापरायच्या असतील तर रन नीट संपला होता याची खात्री करूनच.

शेवटी तुमची इटरेशन्सची तक्रार. जुनं उत्तर सुरुवात म्हणून दिलं तरी आयपॉप्टला फायदा होत नाही, कारण तुम्ही त्याला फक्त व्हेरिएबलच्या किमती दिल्यात. त्याच्या हिशेबात मर्यादांचे मल्टिप्लायरही (प्रत्येक मर्यादा उत्तराला किती जोराने ढकलते ते सांगणारे आकडे) असतात, ते तो पुन्हा १ पासून सुरू करतो. बॅरियरचा म्यू, म्हणजे मर्यादांपासून दूर ठेवणाऱ्या दंडाचं वजन, पुन्हा ०.१ पासून. उत्तर हातात असूनही म्यू खाली आणायची सगळी पायऱ्यापायऱ्यांची उतरण त्याला करावीच लागते. उत्तर मर्यादेवर असेल तर तो ते आधी आतही ढकलतो. खरंखुरं वॉर्म स्टार्ट हवं असेल तर वॉर्म_स्टार्ट_इनिट_पॉइंट चालू करा, म्यू_इनिट १० चा उणे सहावा घात इतका लहान करा, वॉर्म_स्टार्ट_बाउंड_पुशही तसाच, आणि पायोमोच्या सफिक्समधून, म्हणजे अशी जास्तीची माहिती ठेवायच्या सोयीतून, मागच्या रनचे मल्टिप्लायर परत द्या. नुसता म्यू कमी केलात आणि बाकीचं विसरलात, तर सॉल्व्हर मर्यादेला चिकटून रखडतो. त्यापेक्षा साधी सुरुवात परवडते. तुमच्या दोन समीकरणांसाठी हे सगळं करायची गरजही नाही. शेकडो वेळा तेच मॉडेल थोड्या फरकाने सोडवायचं असेल तेव्हा करा.

आता माझी विनंती. मॉडेल वर सांगितलेल्या रेषीय आणि लॉगच्या रूपात लिहा. ३२०, ३५० आणि ३७० या तीन तापमानांना जुळणारी कॉन्सन्ट्रेशन्स काढून तीन रन करा, आणि प्रत्येकाच्या लॉगची शून्यावी ओळ आणि शेवटची ओळ इथे टाका. ३५० वाला रन शून्याव्या ओळीलाच जवळजवळ जुळलेला दिसायला हवा, कारण तिथे वेगाचा स्थिरांक १ आणि कॉन्सन्ट्रेशन ०.५ आहे. तो तसा दिसला नाही, तर एककांत कुठेतरी घोळ आहे आणि आपण आधी तो शोधू.